सहाच्या पटीतल्या नोटा

केशोरी, अर्जुनी मोरगाव भागात जुन्या नोटा जमवणारे हौशी श्रोते असतील, त्यांच्यासाठी आजचा विषय: पोर्तुगीज गोव्याच्या नोटा.

1947 मध्ये देश स्वतंत्र झाला, पण पोर्तुगालने गोव्यावरचा हक्क सोडला नाही. तिथलं चलन होतं ‘रुपिया’. 1959 मध्ये ते बदलून एस्कुदो आणला. एका रुपियाला सहा एस्कुदो. त्यामुळे पाच रुपियांचे झाले तीस, दहाचे साठ, आणि नोटाही निघाल्या 30, 60, 300, 600 अशा अडनिड्या किमतींच्या! तीसच्या नोटेवर 1510 मध्ये गोवा जिंकणारा आल्बुकर्क. सत्ता जायची वेळ आली तरी मिरवायचा तोच, याला काय म्हणावं? 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. म्हणजे या चलनाला पुरती तीन वर्षंही मिळाली नाहीत.

अशी नोट हाती आली तर तिला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. घड्या मोडायला इस्त्रीही फिरवू नका. जाणकार लगेच ओळखतो आणि किंमत पडते. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात कागदाला बुरशी लवकर धरते, तेव्हा नोटा कोरड्या जागी, सुट्या पाकिटात ठेवा.