खंदकातला रेडिओ



२२ जानेवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांचे सैन्य इटलीत अँझिओच्या किनाऱ्यावर उतरले आणि चार महिने तिथेच अडकून पडले. घर हजारो मैल दूर. साधा रेडिओ लावावा, तर त्यातून निघणाऱ्या लहरींवरून शत्रूला ठिकाण कळायची भीती.

मग अमेरिकन शिपायांनी डोकं लढवलं. दाढीचं जुनं ब्लेड, सेफ्टी पिन, पेन्सिलीचं शिसं, नळकांड्यावर गुंडाळलेली तार आणि कानाला हेडफोन. झाला रेडिओ! शिशाचं टोक ब्लेडवर सरकवायचं. नेमकी जागा सापडली की आवाज यायचा. ब्लेडवरचा पातळ थर वीज एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून लहरीतून आवाज वेगळा होतो. बॅटरी नको, लहरींतली शक्तीच पुरते. एकाचं पाहून दुसऱ्याने केला, असा तो खंदकाखंदकांत पोहोचला.

त्यावर शत्रूचा प्रचारही ऐकू येई, मधूनमधून गाणी वाजत. शिपायांनी गाणी ऐकली, प्रचार हसण्यावारी नेला.

बालमित्रहो, त्या रेडिओला पैसा लागला नाही. लागली ती ‘हे कसं चालतं?’ असं विचारायची सवय, आणि कळलेलं शेजाऱ्याला सांगायची दानत. या दोन्ही गोष्टी आपल्या घरी असू द्या.