क्यूच्या काठीची निगा
(क्लबरूममध्ये सभासदांपुढे केलेल्या छोट्या भाषणाचा मजकूर)



स्नूकर जन्मलं जबलपुरात, १८७५ मध्ये. १९५८ साली बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झालेले विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. म्हणजे टेबलावरचा हा खेळ काही परका नाही. काठी मात्र बहुधा परदेशी लाकडाची, अॅश किंवा मेपलची. आपल्या कोपरीची पावसाळी दमट हवा तिला मानवत नाही.

खोबरेल लावू नका. ते वाळत नाही, काठी तेलकटच राहते. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. आधी किंचित ओल्या फडक्यानं खडू आणि घाम पुसा, लगेच कोरडं करा. मग चार-पाच थेंब फडक्यावर घेऊन चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी उरलेलं पुसून काढा. वर्षातून दोन-तीनदा पुरे. व्हार्निश असेल तर तेल आत मुरत नाही. तिथे नुसतं पुसा. काठी भिंतीला तिरकी टेकवू नका, वाकते.

आता सर्वांत महत्त्वाचं. तेलाच्या फडक्याचा बोळा करून कपाटात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकं उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून टाका. आपल्या क्लबरूमच्या भिंतीपलीकडेच मीटरची खोली आहे. मुलांच्या हातात काठी देताना एवढं जरूर सांगा.