पाण्यात हिस्सा, कठड्यातही हिस्सा

आज आम्ही विहिरीविषयी बोलणार आहोत. विहीर कशी खणावी, हे आम्ही तुम्हांला काय सांगावे? ते तुम्हीच जाणता. पण विहिरीत लेकरू बुडाले, तर जबाबदारी कुणाची? एवढे आज आपण समजून घेऊ.

आपला मुलूख तहानलेला. 2016 साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी सरकारने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना काढली. लातूर-नांदेडच्या शिवारांत शेततळी झाली. चांगले झाले. पाणी आहे तर पीक आहे. पण उघड्या पाण्यात धोकाही आहे.

4 एप्रिल 2025 ची गोष्ट. नांदेडजवळ आलेगावच्या शिवारात मजुरांचा ट्रॅक्टर विहिरीत पडला. हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावच्या 7 बाया बुडून मेल्या. कामाला निघालेल्या धडधाकट बाया त्या! मग पाच वर्षांच्या लेकराची काय कथा?

लेकरू बुडते ते गुपचूप. शेळीमागे धावते, काठावर वाकते, पाय घसरतो. शेततळ्यात प्लॅस्टिकचा कागद असतो. तो ओला झाला की गुळगुळीत. त्यावर मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. हाक मारायलाही सवड मिळत नाही. दोन-चार मिनिटांत सारे संपते.

आता सामाईक विहिरीचे पाहू. समजा, तीन भावांची एक विहीर आहे. धाकटा म्हणतो, "दादा, कठडा ढासळलाय. बांधून घेऊ या." थोरला म्हणतो, "मी एकट्यानंच का खर्च करू? तुमचा हिस्सा नाही का?" मधला म्हणतो, "सुगी झाल्यावर बघू." सुगी होते. कठडा तसाच राहतो.

पण पाण्याची पाळी चुकली तर? मग हेच भाऊ सातबारा काढतात. त्यात विहिरीचा हिस्सा आण्यांत लिहिलेला असतो. कुणाचे चार आणे, कुणाचे आठ आणे. अहो, पाण्यात चार आणे हिस्सा आहे, तर कठड्यातही चार आणे नको का?

न्यायालय काय पाहते? पाणी कुणाच्या ताब्यात होते? धोका त्याला ठाऊक होता का? थोड्या काळजीने तो टळला असता का? मग "विहीर माझ्या एकट्याची नाही" ही सबब पुरत नाही. "पोरगं आपल्या पायानं आलं" हीही पुरत नाही. लहान लेकराला धोका कळत नाही, हे कायदा जाणतो. शहरात मोठ्या इमारतींच्या आवारात सामाईक पोहण्याचे तलाव असतात. तिथेही हाच न्याय.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिचे कलम 106 असे सांगते : कुणाच्या हयगयीने माणूस मेला, तर त्याला 5 वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. नुकसानभरपाईचा दावा वेगळाच.

1995 साली उत्तरेतील एका शाळेने मुले सहलीला बियास नदीवर नेली. 14 मुले बुडाली. शाळेने दर मुलामागे 5 लाख रुपये द्यावेत, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली कायम केला. मुलांना नेले कुणी? त्यांना सांभाळायचे कुणी? न्यायालयाने हेच विचारले.

आईबापांचीही जबाबदारी आहेच. कामावर जाताना लेकरू कुणाजवळ ठेवले, हे ठरलेले असावे. पण मजुराचे लेकरू त्याच्याबरोबर शेतावर येते. म्हणून शेतवाल्याचे पाणी बंदिस्त हवे.

दुर्दैवाने असे घडलेच, तर आधी पोलिसांना कळवा. पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या. भीतीने किंवा भिडेने परस्पर अंत्यविधी करू नका. नोंद नसेल तर पुढे काही सिद्ध होत नाही. नांदेड आणि लातूरच्या जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे बायकांना वकील फुकट मिळतो. मिळकत किती, हे पाहत नाहीत. फोनचा आकडा 15100.

पण बंधुभगिनींनो, भरपाईने लेकरू परत येत नाही. म्हणून आधीच चार कामे करा. विहिरीला कमरेइतका कठडा बांधा. शेततळ्याला तारेचे कुंपण आणि कुलपाचे फाटक करा. तळ्यात गाठी मारलेला जाड दोर सोडून ठेवा. काठावर हवा भरलेली ट्यूब ठेवा.

हिस्सेदारांनो, आज रात्री एकत्र बसा. खर्च आण्यांप्रमाणे वाटून कागदावर लिहा. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. सर्वांनी आपल्या हाताने सह्या करा. एखादा हिस्सेदार आलाच नाही, तर त्याच्यासाठी थांबू नका. आधी कठडा बांधा. त्याचा हिस्सा मागून घेता येईल.