मशागत जखमेची

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात झालेल्या विज्ञानविषयक भाषणाची संहिता)



पेरणीपूर्वी शेतकरी जमिनीची मशागत करतो. धसकटे वेचतो, तण काढतो, ढेकळे फोडतो. धसकटांनी भरलेल्या रानात कितीही उत्तम बियाणे टाकले तरी ते रुजत नाही. भाजलेल्या माणसाच्या अंगावर नवी त्वचा लावण्याचे शास्त्रही याच नियमाने चालते. त्वचारोपणाचे कौतुक सर्वत्र होते. त्याआधीच्या मशागतीकडे आणि तिच्या अवजारांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आजचा विषय ती अवजारे आणि ती चालवणारे हात हा आहे.

खोल भाजल्यावर त्वचेचा वरचा भाग मरतो. तो पांढुरका, तपकिरी किंवा काळा पडतो आणि चामड्यासारखा कडक होतो. तो जागच्या जागी राहिला की जंतूंना आयते अन्न मिळते. जंतू रक्तात शिरले की रुग्णाच्या जिवावर बेतते. शिवाय अशा मृत थरावर नवी त्वचा धरत नाही. रोपण केलेली त्वचा पहिले एक-दोन दिवस खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगते. मग तिच्यात खालून रक्तवाहिन्या जोडल्या जातात. मध्ये मृत ऊतक, पू किंवा रक्ताची गुठळी आली की हा सांधा जुळत नाही आणि रोपण वाया जाते.

ही जाण आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत. अतिदग्धात विशीर्ण झालेले, म्हणजे सुटून लोंबू लागलेले मांस काढून टाकावे आणि मग शीतल उपचार करावेत, असे तेथे म्हटले आहे. शिष्याने रुग्णाला हात लावण्यापूर्वी सराव कसा करावा, याचाही स्वतंत्र अध्याय त्यात आहे. छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड अशा फळांवर करावा आणि खरवडण्याचा सराव ताणून बसवलेल्या केसाळ कातड्यावर करावा, असा त्याचा आशय आहे. शस्त्र हाती येण्याआधी हात तयार व्हावा लागतो, हे त्या आचार्यांना पक्के ठाऊक होते.

परंतु सुटलेले मांस काढणे आणि न सुटलेले काढणे यांत मोठे अंतर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ठिकाणी मृत थर आपोआप सुटेपर्यंत वाट पाहण्याचीच रीत होती. त्याला आठवडेच्या आठवडे लागत. दररोज रुग्णाला आंघोळ घालायची, मलमपट्टी सोडवायची, सुटेल तेवढे चिमट्याने व कात्रीने काढायचे आणि पुन्हा पट्टी बांधायची. ही रोजची वेदना सोसूनही अनेकजण जंतुसंसर्गाने दगावत. जे वाचत, त्यांचे हात-मान आक्रसून जाड व्रणांत जखडले जात.

ही वाट पाहणे नाकारणाऱ्यांत एका स्त्रीचे नाव अग्रभागी आहे. झोरा यान्झेकोविच यांचा जन्म १९१८ सालचा. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील, आजच्या स्लोव्हेनियातील मारिबोर या गावी त्या प्लास्टिक सर्जन होत्या. भाजल्यानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशीच मृत थर पातळ पापुद्र्यांनी तासून काढायचा आणि लगेच रुग्णाचीच त्वचा तेथे लावायची, ही पद्धत त्यांनी रूढ केली. १९७० साली त्यांनी २,६१५ रुग्णांचा अनुभव शोधनिबंधातून जगापुढे मांडला. एका लहान शहरातील या शस्त्रक्रियागृहात मग देशोदेशींचे शल्यविशारद शिकायला येऊ लागले. २०१५ साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांची पद्धत जगभरच्या जळीत विभागांत प्रमाण मानली जात होती.

या कामाचे मुख्य अवजार दिसायला अगदी साधे आहे. १९३०च्या दशकात ब्रिटिश शल्यविशारद ग्रॅहॅम हम्बी यांनी त्वचा काढण्याच्या लांब सुरीवर एक रूळ बसवला. पाते आणि रूळ यांच्यामधली फट स्क्रूने कमी-जास्त करता येते. फट जेवढी, तेवढाच जाड पापुद्रा निघतो. बोटे, पंजा अशा अरुंद जागांसाठी लहान सुरी असते. तिच्या पात्यावर ठरावीक फटीचे आवरण बसवलेले असते. सुतार रंधा मारतो तशी ही सुरी त्वचेला जवळजवळ समांतर, पुढे-मागे चालवतात. एक पापुद्रा निघतो, मग दुसरा, मग तिसरा.

थांबायचे कोठे, हे मात्र सुरी सांगत नाही. करडा, निस्तेज रंग जाऊन पांढरी, चमकदार त्वचा दिसू लागते आणि तिच्यावर रक्ताचे असंख्य बारीक ठिपके उमटतात, तेव्हा जिवंत थर लागला असे समजावे. त्याच्या अलीकडे थांबले तर रोपण धरत नाही. त्याच्या पलीकडे गेले तर जगू शकणारी त्वचा हकनाक जाते. रक्तस्राव वेगाने होतो. म्हणून एका वेळी मर्यादित भागच तासतात, ॲड्रेनलिनच्या द्रावणात भिजवलेले गॉझ दाबून धरतात आणि भूलतज्ज्ञ रक्त तयार ठेवतात.

अलीकडे नवी अवजारेही आली आहेत. एकात सलाईनचा अतिशय बारीक झोत प्रचंड वेगाने एका फटीतून धावतो. तो मृत ऊतक ओढून घेतो, कापतो आणि वाहूनही नेतो. चेहरा, कान, बोटांच्या बेचक्या अशा जिथे सरळ पाते पोहोचत नाही तिथे तो उपयोगी पडतो. दुसरे साधन अननसाच्या देठापासून मिळणाऱ्या ब्रोमेलेन या विकरांच्या मिश्रणाचे आहे. त्याचा लेप वेदनाशमनाची तजवीज करून चार तास ठेवतात. मृत थर विरघळतो आणि जिवंत थर बहुतांशी शाबूत राहतो. युरोपात २०१२ साली आणि अमेरिकेत २०२२ साली त्याला मान्यता मिळाली. तरीही थांबायचे कोठे याचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

मशागत झालेले रान उघडे ठेवता येत नाही. जखम स्वच्छ झाली की ती तत्काळ झाकावी लागते. सहसा रुग्णाच्याच मांडीवरून पातळ त्वचा घेतात. अंगाचा मोठा भाग भाजला असेल तर तेवढी त्वचा रुग्णाकडे शिल्लकच नसते. तेव्हा मृत व्यक्तीने दान केलेली त्वचा काही आठवडे आवरण म्हणून जीव तगवते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ येथून अत्यंत पातळ थर घेतला जातो. देह विद्रूप होत नाही. ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा काही वर्षे टिकते. नेत्रदानाचा संकल्प करणारी घरे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. त्याच कागदावर त्वचादानाची एक ओळ वाढवणे अवघड नाही.

आणि त्याहूनही आधीची मशागत प्रत्येक घरात व्हायला हवी. भाजल्याबरोबर त्या जागी नळाचे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट, तूप काहीही लावू नये. त्याने जखमेची खोली डॉक्टरांना दिसेनाशी होते. पदर खोचून स्वयंपाकाला उभे राहावे. दिवाळीत सुती कपडे घालावेत आणि पाण्याची बादली जवळ असावी. मारिबोरच्या त्या शस्त्रक्रियागृहात घडलेले कौशल्य थोर आहे; ते आपल्या मुलाबाळांवर वापरण्याची वेळ कधीच न येवो.