‘हाणणे’, ‘हन्ति’ आणि हित्तींचे ‘क्वेन्त्सि’



इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे देहावसान 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात झाले. 1927 च्या जानेवारीतच त्यांच्या दप्तराच्या रक्षणासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाडे म्हटले की ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ आठवतात. परंतु त्या दप्तरात मराठी क्रियापदांच्या मुळांचाही मोठा संग्रह होता. तो ‘धातुकोश’ मंडळाने 1937 साली कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. तख्ते आणि लढाया यांच्याइतकाच शेतकऱ्याच्या तोंडचा शब्दही इतिहासाचा साक्षीदार असतो, या श्रद्धेने ते काम झाले होते.

असाच एक साधा शब्द म्हणजे ‘हाणणे’. धुळे-जळगावकडेच काय, अवघ्या महाराष्ट्रात टोला हाणतात, गाडी हाणतात, भुकेला गडी भाकरी हाणतो आणि शत्रूचा डाव हाणून पाडला जातो. सुशिक्षित घरांत हा शब्द काहीसा रांगडा मानला जातो. वास्तविक त्याचे कुळ फार मोठे आहे. संस्कृत ‘हन्’, प्राकृत ‘हणइ’, मराठी ‘हाणणे’ अशी ही सरळ परंपरा आहे.

आता आजच्या तुर्कस्थानात जावे लागेल. अंकाराच्या पूर्वेस बोगाझकोय येथे हित्ती राज्याची राजधानी हत्तुसा होती. 1906 पासूनच्या उत्खननात तेथे मातीच्या हजारो लिखित विटा निघाल्या. लिपी बाबिलोनी, भाषा मात्र अज्ञात. 1915 साली चेक पंडित बेद्रिख ह्रोझ्नी यांनी ती उलगडली. भाकर ‘खाणे’ आणि पाणी ‘पिणे’ अशा अर्थाच्या एका वाक्याने त्यांना वाट दाखवली. त्यातील खाण्याचे क्रियापद संस्कृत ‘अद्’चे भावंड निघाले आणि पाण्याचा ‘वातर’ हा ‘उदक’चा आप्त.

त्याच विटांवर ‘तो मारतो’ यासाठी ‘क्वेन्त्सि’ आणि ‘ते मारतात’ यासाठी ‘कुनन्त्सि’ अशी रूपे आढळतात. संस्कृतात हीच जोडी ‘हन्ति’ आणि ‘घ्नन्ति’ अशी आहे. एकवचनात धातूचा स्वर टिकतो, अनेकवचनात तो गळतो. दोन्ही भाषांत अगदी एकाच जागी. उसना घेतलेला शब्द अशी आतली मोडणी सोबत आणत नाही. ‘हन्’चा ‘घ्न’ का होतो, हे कोडे पाठांतर करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पडते. मूळ व्यंजन ‘घ’च्या जातीचे होते आणि विशिष्ट स्वरापुढे त्याचा ‘ह’ झाला, हे त्याचे उत्तर. म्हणूनच घात, विघ्न, कृतघ्न हे सारे ‘हन्’चेच गोत्रज आहेत.

ऋग्वेदात इंद्राने वृत्र नावाच्या अहीला मारले, ते याच धातूने. हित्ती कथेत मेघदेवाने इल्लुयान्का या सर्पाला मारले, तेही याच धातूने. कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी 1995 च्या ग्रंथात हे साम्य सविस्तर मांडले आहे. या कथेत सर्पाला मेजवानी देऊन फसवणारी देवी इनारा आहे. नाव ऐकताच ‘इंद्र’ म्हणण्याचा मोह होईल, पण तो आवरला पाहिजे. हे नाव हित्तींच्या आधी तेथे राहणाऱ्या हट्टी लोकांचे, आणि त्यांची भाषा या कुळातली नव्हे. ‘हित्ती म्हणजे क्षत्रिय’ हे व्यासपीठावरून अधूनमधून ऐकू येणारे समीकरणही याच कारणाने कोसळते. बोगाझकोयच्या तहपत्रात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य साक्षीला आहेत हे खरे. पण ते हित्तींचे नव्हेत, तहातील दुसऱ्या पक्षाचे, मितन्नी राजाचे देव होत. जे खरे आहे तेच पुष्कळ असताना खोट्याची भर घातली, तर परके पंडित खऱ्यालाही हसतात. आर्यांच्या मूलस्थानाचा वादही या एका धातूने सुटत नाही. तो नाते सांगतो, वाटचालीची दिशा सांगत नाही. स्वतः राजवाड्यांच्याही कित्येक व्युत्पत्ती पुढील अभ्यासकांनी नाकारल्या आणि त्याने त्यांचे मोठेपण उणावले नाही.

एक गोष्ट मात्र या सभेला विशेष रुचेल. ‘संघ’ हा शब्द ‘सम्’ आणि ‘हन्’ यांपासून झाला आहे. समुदाय या अर्थी तो साधण्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र रचले. ठोकून एकजीव केलेले ते ‘संहत’. त्याच जातीचा ‘संघ’. ‘संघटना’ दिसायला जवळची, पण तिचा धातू ‘घट्’, तो निराळा.

हित्ती राज्य इ. स. पू. 1200 च्या सुमारास लयाला गेले आणि पुढे त्याची भाषा बोलणारेही उरले नाहीत. ‘क्वेन्त्सि’ विटांवरच राहिले. खानदेशातला लोहार आजही घण हाणतो. त्यातला ‘घण’ म्हणजे संस्कृत ‘घन’, आणि पाणिनीने तोही ‘हन्’पासूनच साधला आहे.