हिमयुगाचा प्रारंभ : सूर्य आणि सागर



हिमयुग म्हटले की कडाक्याचा हिवाळा डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः हिमयुगाचा प्रारंभ होतो तो सौम्य उन्हाळ्यात. कॅनडाच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ पडतोच. उन्हाळ्यात तो पुरता वितळला नाही, तर वर्षानुवर्षे थरावर थर साचत जातात.

हे सूत्र सर्बियन शास्त्रज्ञ मिलुतिन मिलांकोविच यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गणिताच्या आधारे विशद केले. पृथ्वीच्या अक्षाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांच्या आवर्तनाने कमीअधिक होतो. ती कोणत्या ऋतूत सूर्याच्या निकट असते, हेही सुमारे २३ हजार वर्षांच्या आवर्तनाने बदलते. वर्षभरात मिळणाऱ्या एकूण उष्णतेत यामुळे फारसा फरक पडत नाही. बदलते ती तिची ऋतूंमधील आणि अक्षांशांमधील वाटणी. १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी दक्षिण हिंदी महासागराच्या तळाशी साचलेल्या गाळात हीच आवर्तने दाखवून दिली.

परंतु केवळ ऊन मंदावल्याने हिमस्तर वाढत नाहीत. बर्फाला पाणी लागते आणि ते सागर पुरवितो. ग्लासगो येथे संग्रहालयाची रखवाली करता करता विज्ञानाचा व्यासंग केलेल्या जेम्स क्रॉल यांनी १८७५ च्या आपल्या ग्रंथात सूर्यप्रकाश आणि सागरप्रवाह यांची सांगड घातली होती. पुढे १९७९ मध्ये रुडिमन व मॅकिंटायर यांनी एक विलक्षण गोष्ट निदर्शनास आणली. जमिनीवर हिमस्तर वाढत असताना उत्तर अटलांटिक महासागर बराच काळ उबदार होता! दक्षिणेकडून येणाऱ्या प्रवाहांनी उष्णता आणली. त्या पाण्याची वाफ थंड भूमीवर हिम होऊन बरसली. शुभ्र हिमाने सूर्यकिरण परतविले आणि सागराने वातावरणातील कार्बन डायऑक्साइड आपल्या उदरात साठविला. अशा रीतीने उत्तरेतील गारवा सर्व पृथ्वीवर पसरला. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी इतके पाणी हिमरूपाने गोठले होते, की सागराची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली होती.

पुढील हिमयुग आजची तापमानवाढ आपोआप शमवील, असे मानणे मात्र भ्रामक ठरेल. कक्षेतील बदलांना हजारो वर्षे लागतात. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड मानवाने अवघ्या काही पिढ्यांत ४२० भागांच्या पलीकडे नेला आहे. निसर्गाचे हे घड्याळ संथ आहे. मानवाला तितकी सवड नाही.