पुस्तक मिटल्यानंतर

फेब्रुवारी सरू लागला की शहरातील सुशिक्षित घरांत एक निराळीच शांतता नांदू लागते. दूरदर्शनचा आवाज उतरतो, पाहुण्यांशी हलक्या स्वरात बोलणे होते, आणि आतल्या खोलीत टेबलाशी बसलेल्या मुलाच्या अथवा मुलीच्या हाताशी दुधाचा पेला ठेवून आई पाऊल न वाजविता परत फिरते. तीन तास लोटतात. पुस्तकाची चाळीस पाने उलटलेली असतात, त्यांतील निम्म्या ओळी रंगीत शाईने रंगलेल्या असतात, आणि घरातील सर्वांस समाधान वाटते. विद्यार्थ्यास ते सर्वांत अधिक वाटते.

पुढे परीक्षेच्या दालनात प्रश्न समोर येतो. तो ओळखीचा असतो. ते पान डोळ्यांपुढे उभे राहते. डाव्या कोपऱ्यात आकृती होती हेही आठवते. मात्र त्या आकृतीखालचे वाक्य काही केल्या ओठांवर येत नाही. निकाल लागतो, आणि विद्यार्थी कोणासही न सांगता स्वतःपुरता एक निवाडा करून टाकतो, की आपल्याला बुद्धीच नाही. या निवाड्यावर अपील होत नाही. घरच्यांना तो कळतही नाही, म्हणून त्याविरुद्ध कोणी साक्षही देत नाही. वस्तुतः साक्ष द्यावयास पुरावा भरपूर आहे, आणि तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग केले व ते १८८५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ज्यांना काही अर्थ नाही अशा अक्षरसमूहांच्या याद्या तो पाठ करी, ठराविक काळ जाऊ देई, आणि तीच यादी पुन्हा पाठ करण्यास किती कष्ट वाचले हे मोजी. वीस मिनिटांनी मूळच्या कष्टांपैकी सुमारे ५८ टक्के वाचत. एका तासाने ४४. एका दिवसाने ३४. आणि एका महिन्याने २१. विसरण्याचा वेग पहिल्या तासात सर्वांत अधिक असतो आणि पुढे तो मंदावत जातो, असे त्यावरून दिसले. अर्थहीन अक्षरांची ही गोष्ट अर्थपूर्ण मजकुरास तंतोतंत लागू पडत नाही, हे खरे. बायरनचे काव्य पाठ करण्यास आपणांस तितक्याच लांबीच्या निरर्थक यादीच्या सुमारे एक-दशांश श्रम पडले, असे एबिंगहाउसनेच नमूद केले आहे. तथापि विसर पडणे हा मंदबुद्धीचा दोष नसून मनाचा सर्वसाधारण धर्म आहे, एवढे तरी त्याच्या आकड्यांवरून निःसंशय ठरते. प्रयोग करणारा स्वतः काही मंदबुद्धी नव्हता!

त्याच ग्रंथातील दुसरी नोंद विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगाची आहे. एका यादीची एकाच दिवशी सलग ६८ आवर्तने करून जे साधले, तेच तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवर्तनांनी साधले. परीक्षेच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत जागणारा विद्यार्थी आळशी असतो असे नव्हे. तो जवळजवळ दुप्पट मजुरी करून तेवढेच पीक घेत असतो.

आता मूळ प्रश्नाकडे. ओळखणे आणि आठवणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, आणि पुन्हापुन्हा वाचल्याने मुख्यतः पहिलीच बळावते. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव जिभेवर येत नाही, तशीच ही अवस्था होय. १९१७ साली आर्थर गेट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शाळेतील मुलांवर प्रयोग केला. ज्या मुलांनी आपल्या वेळेचा चार-पंचमांश भाग पुस्तकाकडे न पाहता स्वतःशी म्हणून पाहण्यात घालविला, त्यांना निरर्थक अक्षरे नुसते वाचणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आठवली. अर्थपूर्ण मजकुरात हा लाभ कमी होता, पण होता. पुढे २००६ साली सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर व कार्पिके यांनी विद्यार्थ्यांस छोटे उतारे दिले. काहींनी उतारा दुसऱ्यांदा वाचला. काहींनी तो बाजूस ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांस ७५. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणाऱ्यांस ५६ टक्के आठवले व वाचणाऱ्यांस ४२.

या आकड्यांत सगळी फसगत सामावलेली आहे. पुस्तक वाचून उठलेल्या विद्यार्थ्यास त्या क्षणी खरोखरच अधिक येत असते. त्याचे समाधान खोटे नसते. ते फक्त आठवडाभर टिकत नाही. आणि परीक्षा पाच मिनिटांनी होत नसते.

यावर उपाय साधा आहे, पण सुखाचा नाही. एक प्रकरण वाचावे, पुस्तक मिटावे, कोरा कागद घ्यावा आणि आठवेल ते लिहावे. मग पुस्तक उघडून काय निसटले ते दुसऱ्या शाईने भरावे. प्रथम कागद निम्मा रिकामा राहतो आणि जीव कासावीस होतो. पुष्कळ विद्यार्थी येथेच घाबरून पुन्हा वाचनाच्या उबदार पांघरुणात शिरतात. त्यांना कोणीतरी सांगावयास हवे, की त्या रिकाम्या कागदापुढे होणारी तगमग हाच अभ्यास चालू असल्याचा पुरावा आहे. ही घोकंपट्टी नव्हे. घोकंपट्टीत शब्द पुस्तकातून डोळ्यांत व डोळ्यांतून ओठांत नुसते वाहत असतात; येथे ते आतून बाहेर काढावे लागतात. आपल्याकडील वेदपाठशाळांची संथा घेण्याची रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. गुरूने म्हणावयाचे, शिष्याने मागून म्हणावयाचे, आणि पुढे तेच एकट्याने म्हणून दाखवावयाचे. समोर पोथी नाहीच. त्या परंपरेच्या अन्य अंगांविषयी मतभेद असू शकतील, परंतु स्मरणाचे मर्म तिने ओळखले होते यात शंका नाही.

त्याच परंपरेत अनध्याय नावाची गोष्ट होती. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींस अध्ययन बंद. याखेरीज मेघगर्जना झाली, धुळीचे वादळ उठले, कोल्हे ओरडू लागले, तरीही धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी पाठ थांबविण्यास सांगितले आहे. हेतू अर्थातच धार्मिक होता, विश्रांतीचा नव्हता. पण कोल्ह्याच्या कृपेने का होईना, बटूंच्या मेंदूस मोकळा वेळ मिळे. आजच्या विद्यार्थ्याच्या वेळापत्रकात शाळा, शिकवणी आणि शिकवणीची शिकवणी असते, अनध्याय नसतो.

विश्रांती म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ, ही समजूत घरोघर रुजलेली आहे. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स व डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांस दहा-दहा निरर्थक अक्षरसमूह पाठ करावयास लावले, आणि कधी त्यानंतर झोपू दिले, तर कधी दिवसाचे नित्य व्यवहार करू दिले. आठ तासांनी झोपेतून उठविल्यावर दहांपैकी निम्मे आठवत. जागेपणी तेवढाच काळ गेला तर जेमतेम एक. झोपेत स्मृती पक्की होते या मतास पुढील संशोधनाने बळकटीच दिली आहे. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री दहा वाजता पोराच्या खोलीतील दिवा मालविणारी आई त्याच्या अभ्यासात व्यत्यय आणीत नाही. त्यात भरच घालते.

दिवसाच्या विश्रांतीविषयी मात्र थोडा विवेक हवा. मोबाईल हाती घेऊन दहा मिनिटे घालविणे ही विश्रांती नव्हे, कारण जे डोळे आणि जे लक्ष थकले त्यांनाच पुन्हा कामास जुंपले जाते, आणि दहा मिनिटांची चाळीस केव्हा झाली हेही उमगत नाही. उठावे, पाणी प्यावे, गच्चीवर जावे, झाडांना पाणी घालावे. पुण्यातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या संध्याकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढून आल्या, त्या काही केवळ देवदर्शनासाठी नव्हे. किती वेळ बसावे व किती वेळ उठावे याचा शास्त्रपूत आकडा नाही. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या एका इटालियन विद्यार्थ्याने १९८० नंतरच्या दशकात स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ समोर ठेवून पंचवीस मिनिटे काम व पाच मिनिटे विसावा असा क्रम स्वतःस लावून घेतला, आणि पुढे तो जगभर पसरला. पंचवीस या संख्येत जादू नाही. विसाव्याची वेळ आधी ठरलेली असली म्हणजे मध्येच उठण्याचा मोह आवरतो, इतकेच त्यातील सार.

आता वर्गापुढे उभे राहून बोलण्याची गोष्ट. हल्ली महाविद्यालयांतच नव्हे, तर शाळांतूनही विद्यार्थ्यास एखादा विषय सभेपुढे मांडावा लागतो, आणि पुष्कळांचा धीर तेथे सुटतो. येथेही तोच घाईचा निवाडा होतो, की बोलणे हे आपले काम नव्हे.

विलायतेत कायद्याचा अभ्यास करीत असताना मोहनदास गांधी शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत होते. पण सभेत तोंड उघडवत नसे. व्हेंटनर येथे एकदा भाषण लिहून नेले, उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि अखेर ते सोबत्याने वाचून दाखविले. पुढे बॅरिस्टर होऊन मुंबईस आल्यावर स्मॉल कॉज कोर्टात पहिलाच खटला मिळाला. साक्षीदाराची उलटतपासणी करावयास उभे राहताच डोके गरगरू लागले. एक प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि तीस रुपये फी पक्षकाराच्या मुखत्यारास परत केली. ही हकिगत त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितली आहे. त्यानंतर फार काळ गेला नाही. १८९३ साली प्रिटोरिया येथे हिंदी व्यापाऱ्यांच्या बैठकीत त्यांनी व्यापारातील सचोटीवर भाषण केले, आणि तेच आपल्या आयुष्यातील पहिले जाहीर भाषण म्हणता येईल असे लिहिले. मध्यंतरी त्यांचा कंठ बदलला नव्हता. विषय त्यांनी नीट तयार केला होता, आणि तो समोर बसलेल्यांच्या नित्याच्या व्यवहारातला होता.

तेव्हा भीतीवर पहिला इलाज सामग्रीचा आहे. दुसरा सरावाचा, आणि सराव म्हणजे मनातल्या मनात वाचणे नव्हे, तर उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून बोलणे. संपूर्ण भाषण पाठ करणारा विद्यार्थी एक शब्द निसटला की साराच ढासळतो. कीर्तनकार असे करीत नाही. पूर्वरंगात कोणता अभंग निरूपणास घ्यावयाचा, कोणते दृष्टान्त कोणत्या क्रमाने यावयाचे, उत्तररंगात कोणते आख्यान लावावयाचे, हा सांगाडा त्याच्या मनात पक्का असतो; मांस तो श्रोत्यांची नजर पाहून चढवितो. मध्यंतरी नामघोष करून तो श्रोत्यांस आणि स्वतःस दम खाऊ देतो, तेही शिकण्याजोगे आहे. विद्यार्थ्याने आरंभीची दोन वाक्ये व शेवटचे एक अगदी तोंडपाठ करावे, कारण कंठ कोरडा पडतो तो आरंभीच. मधल्या भागासाठी चारपाच मुद्दे एका चिठ्ठीवर पुरेत. पडद्यावरील स्लाइडांवर परिच्छेदच्या परिच्छेद उतरवून त्या वाचून दाखविणे हा श्रोत्यांचा उपमर्द आहे. त्यांनाही वाचता येते.

या सरावात घरची माणसे मोलाची. ज्यांना त्या विषयातील काही ठाऊक नाही असा श्रोता सर्वांत उत्तम; आजी असल्यास तिच्याइतका चांगला परीक्षक नाही. नातीने प्रकाशसंश्लेषण समजावून सांगितले आणि आजीने, मग रात्री झाड काय करते ग, असे विचारले, की नातीला आपले कच्चे दुवे कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा लवकर कळतात.

राहता राहिला उत्साह. तो येईल आणि मग अभ्यास सुरू करू, असे म्हणत बसणाऱ्याकडे तो येत नाही. बहुधा काम सुरू झाल्यावर पंधरावीस मिनिटांनी तो मागून येऊन मिळतो. म्हणून आज रसायनशास्त्र करावयाचे असा मोघम संकल्प करण्यापेक्षा आज या तीन समीकरणांची मांडणी न पाहता करावयाची, असे ठरविणे बरे. आरंभ लहान असला म्हणजे टाळण्यास सबब उरत नाही.

परंतु कधी कधी सर्व काही यथासांग करूनही हाती निराशा येते, आणि तेथे युक्त्या अपुऱ्या पडतात. धोंडो केशव कर्वे सतरा वर्षांचे असताना, १८७५ साली, पब्लिक सर्व्हिस परीक्षेस बसण्यासाठी कोकणातील मुरुडहून सह्याद्रीचा घाट चढून पायी साताऱ्यास गेले. शंभरावर मैलांची वाट होती. तेथे पोहोचल्यावर, हा मुलगा वयाने लहान दिसतो, या कारणास्तव त्यांस परीक्षेस बसूच दिले नाही. अभ्यासात उणे काही नव्हते. कष्टांतही नव्हते. मुलगा आला तसा परत गेला. पुढे त्यांनी तीच परीक्षा कोल्हापूर येथून दिली व ते उत्तीर्ण झाले. मॅट्रिक होण्यास १८८१ साल उजाडले, तेव्हा वय तेवीस होते. आणि १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवू लागले.